आर्टिस्ट मिळत नाही म्हणतोस, तर ऐक

बाळा, तुझा गेम चालतो म्हणे. तो प्राणी उडी मारतो, पडतो, मरतो, पुन्हा उठतो. फक्त तो अजून पांढरा चौकोन आहे, आणि तू घरभर सांगत सुटला आहेस की चांगले आर्टिस्ट मिळतच नाहीत. मिळतात रे. एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षांना ज्या राज्यात शाळाच्या शाळा बसतात, तिथे चित्र काढणाऱ्यांचा दुष्काळ कसला? अडतं ते विचारण्यात. तुझी आत्या आधी दुसऱ्यांच्या गेमसाठी चित्रं काढत होती, मग चित्रं काढणाऱ्यांकडून काम करून घेऊ लागली, म्हणजे दोन्हीकडची बोलणी खाऊन झाली आहेत. त्यातलं उपयोगाचं तेवढं सांगते. पटेल ते ठेव, न पटेल ते तुझ्या आईला सांगू नकोस.

१. गेम आधी चौकोनांवरच खेळावासा वाटेल असा कर, मग चित्रकार शोध — कंटाळवाणा गेम रंगवला की फक्त कंटाळा महाग होतो. माइक बिथेलचा 'थॉमस वॉज अलोन' २०१२ मध्ये आला तो चौकोन-आयतांचाच, आणि लोकांचा जीव त्या आयतांवर जडला.

२. जोनाथन ब्लोचा 'ब्रेड' ठाऊक आहे ना, २००८ चा? त्याचा खेळ आधी ओबडधोबड चित्रांवर चालत होता आणि वेबकॉमिक काढणारा डेव्हिड हेलमन नंतर आला — चित्रकाराला तुझं स्वप्न ऐकायचं नसतं, बटण दाबून बघायचं असतं.

३. तोवर तात्पुरती चित्रं फुकटची वापर. 'केनी'च्या चित्रांना श्रेय देण्याचीही अट नाही. 'ओपनगेमआर्ट'वर मात्र दर चित्राचा परवाना वेगळा, तो घेतल्या दिवशीच वहीत उतरव — वर्षाने ते झाड कुठून आणलं ते तुला आठवणार नाही, ज्याचं आहे त्याला आठवेल.

४. चित्रं मोज. "एक हिरो आहे, चालतो आणि मारतो" हे बोलायला सोपं. वरून दिसणारा गेम म्हणजे चार दिशा आल्या. चालण्याच्या ८ फ्रेम धरल्या तर ३२, नुसतं उभं राहून श्वास घेण्याच्या ४ धरल्या तर १६, वार करण्याच्या ६ धरल्या तर २४. झाली ७२ चित्रं, आणि अजून तो मेलेला नाही, पाण्यात पडलेला नाही, दारही उघडलेलं नाही. आता त्याच्या एकाच खांद्यावर झोळी किंवा एकाच हातात तलवार नसेल, तर डावीकडचं चित्र उलटवून उजवीकडे चालतं. एक दिशा वाचते आणि ७२ ची ५४ होतात. हा कागद तुझ्याकडे दिसला की समोरचा खुर्ची पुढे ओढून बसतो — तोवर तू त्याच्या लेखी आणखी एक हौशी असतोस.

५. म्हणून झोळी काढून टाक. (थट्टा नाही करत. हिरोच्या अंगावरची एकेक वस्तू प्रत्येक फ्रेममध्ये पुन्हा काढावी लागते.)

६. शैली ठरवताना डोळ्यांची हौस नको, हातांची कुवत बघ. 'कपहेड' २०१७ मध्ये आला तेव्हा सगळे त्याच्या हाताने काढलेल्या ॲनिमेशनवर लट्टू झाले. ते करायला त्या मोल्डनहाउअर भावांनी घर गहाण टाकलं होतं — तुझ्या नावावर घर नाही आणि तुझ्या बाबांच्या नावावरचं मी गहाण टाकू देणार नाही.

७. स्वतः शिकून काढायचं मनात असेल तरी हरकत नाही, क्रिता आणि ब्लेंडर फुकट आहेत. एरिक बॅरोनने 'स्टारड्यू व्हॅली' एकट्याने केला, चित्रं पुन्हा पुन्हा नव्याने काढली आणि २०१६ मध्ये बाहेर आणला — साडेचार वर्षांच्या आसपास गेली त्यात. तेवढा धीर तुझ्याकडे असेलही, तुझ्या आईकडे नाही.

आता पैशांचं. इथे तुझी मान खाली जाते हे माहीत आहे, म्हणून जरा सावकाश घेते.

८. "आत्ता काही देता येणार नाही, पण गेम विकला की वीस टक्के तुझे," असं म्हणण्याआधी ते वीस टक्के कागदावर मांड. समजा, ३०० रुपयांच्या हजार प्रती गेल्या; पहिल्या गेमला हजार म्हणजे काही वाईट नाहीत. झाले ३ लाख. स्टीम ३० टक्के कापतं, उरले २ लाख १० हजार. त्यातले वीस टक्के म्हणजे ४२ हजार, आणि यात कर, सवलतीतली विक्री, परत केलेल्या प्रती काही धरलेलं नाही. चित्रकाराने वर्षभर काम केलं असेल तर महिन्याला पडले साडेतीन हजार, तेही गेम बाहेर आल्यावर. हा हिशेब तू केला नाहीस तरी समोरची मुलगी करते आणि "विचार करून सांगते" म्हणते — ते उत्तर आळसाचं नसतं, आकडेमोडीचं असतं.

९. हिस्सा द्यायचाच असेल तर थोडे रोख आणि थोडा हिस्सा असा दे. आणि हिस्सा कशाचा ते लिही: सगळ्या विक्रीचा, की कपात आणि कर वजा जाता उरलेल्याचा, किती वर्षं, आणि हिशेब कोणत्या महिन्यात दाखवणार — हिश्श्यावरून भांडणं गेम पडला म्हणून होत नाहीत, चालला म्हणून होतात.

१०. 'एक्स्पोजर मिळेल' हे वाक्य तोंडातून निघता कामा नये — विजेच्या बिलात ते धरत नाहीत.

११. बजेट तू आधी सांग, "तुमचा रेट काय" विचारून गप्प बसू नकोस. कमी असलं तरी सांग, लाज आकडा सांगण्यात नाही, लपवण्यात आहे — आकडा समोर असला की ते आपण होऊन म्हणतात, "एवढ्यात चार दिशा नाही होणार, दोन करू या."

१२. पैसे कमी पडले तर चित्रं कमी कर, दर पाडू नकोस. पाडलेला दर चित्रात उतरतो — सूड म्हणून नाही रे, पोटासाठी दुसरं काम घ्यावं लागतं आणि तुझं रात्री अकराला उघडलं जातं.

१३. बयाणा दे, मग रफ मंजूर झाल्यावर एक हप्ता, फायनल फायली हातात आल्यावर उरलेले, आणि तेही त्याच दिवशी. उधारीचा रंग लवकर वाळत नाही.

१४. ओळखीतल्या मुलीला ओळखीचा दर मागू नकोस. तुझ्या मावशीच्या शेजाऱ्यांची सून छान चित्रं काढते हे मलाही माहीत आहे — पण ती नाही म्हणू शकणार नाही, आणि ज्याला नाही म्हणता येत नाही त्याचं 'हो' घेऊन करायचं काय?

१५. शेवटपर्यंत कोणी सोबत हवंच असेल, तर त्याला नोकर नको, भागीदार कर, आणि पहिल्या दिवसापासून. आपल्या पुण्यातल्या नॉडिंग हेड्सचा 'राजी' बघ: पहाडी चित्रशैलीचा हात धरून २०२० मध्ये जगभर गेला, आणि स्टुडिओच्या संस्थापकांमध्येच एक चित्रकार होती. त्यांची २०१७ ची किकस्टार्टर मोहीम फसली, तरी माणसं टिकली — पगारावर आलेला माणूस अशा वेळी दुसरीकडे अर्ज करतो, आणि त्यात त्याचं काही चुकत नाही.

शोधायचं कुठे, हे तू सारखं विचारतोस. त्यावर माझ्याकडे फार नवं काही नाही.

१६. आर्टस्टेशन, बिहान्स, इच ही नावं तुला माहीत आहेतच. शिवाय जेजेचं वार्षिक प्रदर्शन बघायला जा, अभिनवच्या मुलांची कामं बघ, रविवारी पर्वतीवर नाहीतर शनिवारवाड्यापाशी वह्या घेऊन बसलेल्यांच्या शेजारी जाऊन बस — तिथे माणूस काम करताना दिसतो, कौतुक गोळा करताना नाही.

१७. दिवाळी अंक फक्त आई वाचते म्हणून सोडून देऊ नकोस. कथाचित्रांखालची सही बघ, श्रेयनामावली वाच. एका कथेचा मूड दोन चित्रांत पकडणारा आणि संपादकाची तारीख सांभाळणारा माणूस तुला हवाच आहे — मुद्रणाची तारीख पाळायची सवय लागलेला हात फार कमी मिळतो.

१८. ग्लोबल गेम जॅम दर जानेवारीत असतो. तिथे जा आणि अनोळखी चित्रकाराबरोबर एक वेडावाकडा गेम कर — झोप कमी आणि वेळ संपत आलेला असताना माणूस कसा बोलतो, हे पोर्टफोलिओत दिसत नाही.

१९. फॉलोअर मोजू नकोस, एकच पात्र पाच कोनांतून काढलेलं आहे का ते बघ. एक देखणं चित्र काढणं वेगळं आणि तोच चेहरा ५४ वेळा तसाच काढणं वेगळं — पहिल्यावर आपण भाळतो, गेम दुसऱ्यावर उभा राहतो.

२०. काम कोणतं ते नीट ठरव: संकल्पचित्रं, ॲनिमेशन, पार्श्वभूमी, बटणं-मेनू, थ्रीडी, ही वेगवेगळी कसबं आहेत. एकाच माणसाला सगळं येतं असं कोणी म्हणालं तर आनंद मान आणि पुरावा माग. स्टीमच्या दुकानातलं मुख्य चित्र, ते कॅप्सूल, त्याला तर खुशाल वेगळा माणूस धर — गिऱ्हाईक आधी तेवढंच बघतं, तेही बोटाच्या पेराएवढं.

२१. पहिला मेसेज लांब, तर उत्तर लांबणीवर. तुझा मी पाहिला. पहिल्या तीन परिच्छेदांत गेममधल्या राज्याचा इतिहास आणि चौथ्यात "इंटरेस्टेड असाल तर कळवा". त्यापेक्षा असं लिही: "नमस्कार, तुमचं पावसातल्या एसटी स्टँडचं चित्र पाहिलं, त्यातला उजेड आवडला. मी वरून दिसणारा छोटा गेम करतोय, खेळायची लिंक सोबत आहे. एक पात्र, ५४ फ्रेम, ३२ बाय ३२ पिक्सेल. बजेट इतकं, काम जूनअखेर हवं. जमणार असेल तर कळवा, नसेल तरी हरकत नाही." बास — ज्याला हो म्हणायचं त्याला यावर म्हणता येतं, आणि ज्याला नाही म्हणायचं त्यालाही अवघडल्यासारखं होत नाही.

२२. एकच मेसेज वीस जणांना चिकटवू नकोस. चित्रकारांचे आपापसात ग्रुप असतात, आणि तिथे तुझं "तुमचं काम फार युनिक आहे" शेजारी शेजारी लागतं.

२३. उत्तर नाही आलं तर आठवड्याने एकदा आठवण कर, मग सोडून दे. एप्रिल-मेमध्ये मुलांची सबमिशन आणि जूरी असते, गणपतीच्या आधी सजावटीची कामं असतात — गप्प बसलेला माणूस दरवेळी तुझ्यावर रुसलेला नसतो.

२४. टेस्ट घ्यायचीच तर पैसे देऊन घे, आणि छोटी घे: एक चालणं, एक दिशा, ८ फ्रेम. फुकटची टेस्ट रिकामा माणूस देतो, कामाचा देत नाही. त्या ८ फ्रेममध्ये तुलाही कळतं की फाइल वेळेवर येते का आणि करेक्शन सांगितल्यावर चेहरा कसा होतो — आणि तिलाही कळतं की तू 'थोडं अजून भारी' याच्यापुढे काही सांगू शकतोस का.

कागदाचं बोलू का? कंटाळू नकोस, इथे भल्याभल्यांनी गटांगळ्या खाल्ल्या आहेत.

२५. पैसे दिले म्हणजे चित्राचे हक्क आपोआप आपल्याकडे आले, असं धरून चालू नकोस. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं १९ वं कलम म्हणतं की हक्क सोपवायचे तर लेखी आणि सहीनिशी. त्यात मुदत लिहिली नाहीस तर ती ५ वर्षांची धरतात, आणि प्रदेश लिहिला नाहीस तर फक्त भारत. आता तूच बघ: स्टीमवर गेम जगभर विकायला ठेवलास, आणि कागदावर तुझे हक्क भारतापुरते आणि पाच वर्षांनी संपणारे. आणखी एक बारीक गोम आहे. सोपवलेले हक्क वर्षभरात वापरले नाहीस तर ते परत जातात, कागदात वेगळं लिहिलेलं नसेल तर — आणि तुझा गेम वर्षभरात येत नाही, हे आपण दोघंही जाणतो.

२६. म्हणून एका पानावर लिही: कोणती चित्रं, किती, कोणते हक्क, किती मुदत, कुठे कुठे, किती पैसे, कधी. मग ते वकिलाला दाखव — त्या एका भेटीची फी गेम चालल्यानंतरच्या भांडणापेक्षा नेहमी स्वस्त पडते.

२७. मध्येच थांबायची वेळ आली तर झालेल्या कामाचे किती द्यायचे, हेही आजच लिही. आज दोघंही हसून लिहाल; त्या दिवशी कोणी हसत नसतं.

२८. ती चित्रं चित्रकाराला आपल्या पोर्टफोलिओत कधी लावता येतील ते सांग, आणि शक्यतो लवकरची तारीख दे. हक्क सोपवले तरी "हे मी काढलं" म्हणण्याचा अधिकार त्याच कायद्याचं ५७ वं कलम चित्रकाराकडेच ठेवतं — आणि तिचं पुढचं काम त्या चित्रांवर मिळणार असतं.

२९. एआय वापरणार असशील, अगदी संदर्भापुरतं जरी, तरी पहिल्या बोलण्यात सांग. डिसेंबर २०२२ मध्ये याच प्रश्नावर चित्रकारांनी आर्टस्टेशन निषेधाच्या चित्रांनी भरून टाकलं होतं, आणि गेममध्ये एआयने केलेलं काही असेल तर जानेवारी २०२४ पासून स्टीमवरही ते जाहीर करावं लागतं. कोणी म्हणतं चालेल, कोणी म्हणतं माझ्या रेषेशेजारी ते नको — दोन्ही उत्तरं सरळ आहेत, मागाहून कळलेलं मात्र कोणालाच सरळ वाटत नाही.

काम सुरू झालं की तू फार उत्साहात येतोस, तेव्हा पुढचं हळू वाच.

३०. करेक्शन एकाच तोंडून जाऊ दे. तुझं, तुझ्या मित्राचं आणि डिस्कॉर्डवरच्या कुणा पोराचं मत तिला वेगवेगळं मिळालं, तर तीन गेमची चित्रं एका गेममध्ये येतील.

३१. करेक्शनच्या फेऱ्या आधी ठरव, रफवर दोन, फायनलवर एक. मोठे बदल रफवरच सांग — रफमध्ये हात वर करायला पाच मिनिटं लागतात, फायनलमध्ये तोच हात ५४ वेळा वर करावा लागतो.

३२. "मजा नाही आली" हे करेक्शन नव्हे. "शत्रू आणि जमीन एकाच रंगाची दिसतात, पळताना शत्रू हरवतो," हे करेक्शन — पहिल्याने माणूस खचतो, दुसऱ्याने कामाला लागतो.

३३. आवडलेलं आधी सांग, आणि नेमकं सांग. चित्रकाराला खूष करायला नव्हे — काय बदलायचं नाही, तेही त्याला कळायला हवं ना?

३४. मूळ थरांच्या फायली प्रत्येक हप्त्याबरोबर घे आणि दोन ठिकाणी ठेव. फायलींची नावं पहिल्या दिवशी ठरवा. 'हिरो_फायनल_फायनल२_हाचघे' अशी फाइल तुझ्या लॅपटॉपवर मला दिसली आहे, बोलले नव्हते इतकंच.

३५. रंगांचा पट्टा, रेषेची जाडी, उजेड कुठून येतो, पात्राची उंची किती डोकी, हे एका पानावर तिच्याकडूनच लिहून घे, आणि त्याचे वेगळे पैसे दे. उद्या तिला नोकरी लागेल, लग्न ठरेल, नाहीतर नुसता कंटाळा येईल — ते पान असलं की दुसरा हात पुढे काढू शकतो.

३६. माणूस गायब झाला तर आधी फोन कर, मेसेजांचा मारा नको. "काही अडचण आहे का, काम कमी करू का?" असं विचार. बहुतेक वेळा काम अडलेलं असतं आणि सांगायची लाज वाटत असते — जो जितका उशीर करतो, त्याला फोन उचलणं तितकं जड जातं.

३७. तुझी तारीख पुढे गेली तर त्याच दिवशी कळव. त्या महिन्यासाठी तिने दुसरं काम नाकारलेलं असतं.

३८. मराठी आवृत्ती काढायची असेल, आणि काढच, तर बटणं काढायच्या आधी सांग. वरच्या वेलांट्या आणि खालचे उकार यांना जागा लागते — इंग्रजीच्या मापाने काढलेल्या बटणात आपली 'सुरुवात' तळाशी कापली जाते, आणि मग सगळे मेनू पुन्हा काढायचे पैसे कोण देणार?

३९. श्रेयनामावलीत नाव कसं छापायचं ते विचारून घे: टोपणनाव, पूर्ण नाव, की आईचं नाव मध्ये घालून. टेस्ट दिलेल्यांची चित्रं गेममध्ये राहिली असतील तर त्यांचीही नावं घाल.

४०. गेम बाहेर आला की चित्रकाराला स्टीमची की आपण होऊन पाठव, मागायला लावू नकोस — आपली चित्रं हलताना बघायला स्वतःच गेम विकत घ्यावा लागलेली मुलगी पुढच्या वेळी तुझा मेसेज शेवटी उघडते.